भिंतीत कुठला पाइप घालू?

प्रश्न : नमस्कार काका. देवगड तालुक्यात, खाडीपासून अर्ध्या कोसावर आमचं जुनं जांभ्या चिऱ्याचं घर आहे. मागच्या पडवीच्या जागी दोन बाथरूम काढतो आहोत. एकात गिझर बसेल, दुसऱ्याला स्लॅबवरच्या सोलरचं गरम पाणी येईल. पाइप सगळे भिंतीत घ्यायचे आहेत. गवंडी म्हणतो जीआयच, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड घाला, लोखंडाला मरण नाही. कणकवलीच्या दुकानदाराने सीपीव्हीसी सांगितलं. पुण्याचा भाचा पीपीआरचा आग्रह धरून बसलाय. हे दोन्ही प्लॅस्टिकचे. सासूबाई आता आमच्याकडे मुंबईला असतात, त्यामुळे घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, एरवी बंद. एकदा लाद्या बसल्या की पुन्हा फोडायची आमची ऐपत नाही. काय घालू?
— एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. गरम आणि थंड दोन्ही लाइनना सीपीव्हीसी घाला, एसडीआर 11 चा. एसडीआरचा आकडा जितका लहान, तितका पाइप जाड. पाइपवर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा आकडा छापलेला असतो, तो स्वतः वाचून घ्या. जीआय भिंतीत नको. पीपीआर वाईट नाही, पण तुमच्याकडे तो नीट जोडणारा माणूस असेल तरच. त्यावर पुढे बोलतो.

लोखंडाला मरण नाही, असं एके काळी मीही म्हणायचो. 2003 साली मालवणच्या बाजूला एका घरात मी स्वतः जीआय घातलं. बी क्लासचा, निळ्या पट्ट्याचा चांगला पाइप. मालकाने पैशाला हात आखडला नव्हता, मी कामात काही राखलं नव्हतं. गिलाव्याची वाळू मात्र खाडीची होती. 2012 च्या श्रावणात त्यांचा फोन आला, देवघराच्या भिंतीला ओल आलीय म्हणून. देवघर बाथरूमच्या पाठीला. लाद्या काढल्या आणि शॉवरच्या खालच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, पाना लावला, तर पाइप पान्याबरोबर मोडून हातात आला. आटे जिथे संपतात तिथेच मोडला होता. बाहेरून गंजाचे पापुद्रे सुटत होते, जुन्या वहीची पानं सुटावीत तसे. तोंडातून आत पाहिलं तर लालसर गाठींनी नळी भरलेली, मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. तो वीतभर तुकडा माझ्या हत्यारांच्या पेटीत अजून आहे. कुणी भिंतीत जीआय मागितलं की मी तो काढून त्यांच्या हातात देतो.

तिथे काय झालं असेल ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या गवंड्यालाही सांगता येईल. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. आपण आटे पाडतो तेव्हा डाय तो थर कापून टाकते, म्हणजे नेमक्या सांध्यावर लोखंड उघडं पडतं. बाहेरून खाडीच्या वाळूतलं मीठ आणि भिंतीतली ओल त्याला खाते. आतून आपलं विहिरीचं पाणी. जांभ्या दगडातून झिरपून आलेलं पाणी मऊ असतं, थोडं आम्लधर्मी असतं. साबणाला फेस छान येतो, डाळ लवकर शिजते, पण जस्ताचा थर ते हळूहळू चाटून नेतं. उघड्यावर, भिंतीबाहेरून जाणारा जीआय दिसतो, रंगवता येतो, बदलता येतो. भिंतीतला गंजताना कुणाला दिसत नाही. चिरा सच्छिद्र असतो. पाणी गळतं एका ठिकाणी आणि ओल उठते दुसऱ्याच खोलीत.

सीपीव्हीसीला मीठ लागत नाही आणि गंज नाही. उष्णता सोसण्याचं म्हणाल तर एसडीआर 11 चा पाइप साध्या, 23 अंशाच्या पाण्याला चौरस सेंटिमीटरला 28 किलो दाब घेतो आणि 82 अंशाच्या पाण्याला 7 किलो. तुमच्या टाकीपासून नळापर्यंत एक किलोही दाब भरणार नाही, कारण 10 मीटर उंचीला 1 किलो असा तो हिशेब आहे. एसडीआर 13.5 चा पाइप जरा पातळ आणि स्वस्त असतो. भिंतीत मी तो घालत नाही. दोन बाथरूममधला किमतीचा फरक एखाद्या बऱ्या नळाएवढासुद्धा निघत नाही.

जाडीचा घोळ एकदा समजून घ्या, कारण दुकानात इथे गडबड होते. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 15.9 मिलिमीटर आणि आतली वाट साधारण साडेबारा. पीपीआरमध्ये 20 चा पाइप मागतात, तो 20 बाहेरून मोजलेला असतो. दाब जास्त घेणारा जाड भिंतीचा असेल तर आत 13 च उरतात. म्हणजे 20 चा पाइप अर्धा इंचीचाच भाऊ, पाऊण इंचीचा नव्हे. तुमचं घर बैठं आहे, टाकी स्लॅबवर, त्यामुळे शॉवरच्या डोक्यावर जेमतेम दीड-दोन मीटर पाणी मिळेल. टाकीतून उतरणारी लाइन एक इंची ठेवा, बाथरूममध्ये शेवटच्या 'टी' फाट्यापर्यंत पाऊण इंची आणि तिथून नळापर्यंत वीत-दोन वीत अर्धा इंची. सगळंच अर्धा इंची घातलं तर दोन नळ एकदम सोडल्यावर शॉवर ठिबकेल. टाकी स्लॅबवर टेकवण्यापेक्षा चार-पाच फुटांचा चौथरा बांधून वर चढवली तर फार बरं.

आता भाच्याच्या पीपीआरचं. हा पाइप सोल्यूशनने चिकटत नाही. 260 अंश तापलेल्या मशीनवर पाइप आणि फिटिंग दोन्ही एकदम वितळवून एकमेकांत बसवतात. 20 च्या पाइपला 5 सेकंद तापवायचा, लगेच सरळ घालायचा, न फिरवता धरायचा आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. झालेला सांधा पाइपाइतकाच एकजीव होतो, यात शंका नाही. पण दोन-चार सेकंद जास्त तापवला की आत वितळलेल्या प्लॅस्टिकची कडा उभी राहते आणि वाट चोंदते. बाहेरून काही कळत नाही. शिवाय झिरीत, म्हणजे भिंतीत पाइपसाठी कोरलेल्या खाचेत, कोपऱ्यात, चिऱ्याला टेकलेल्या पाइपवर मशीनचं तोंड शिरत नाही. दुपारी व्होल्टेज पडलं की मशीन तापत नाही, आणि आपल्या गावांकडे ते पडतंच. रत्नागिरीत रोज हे काम करणारी पोरं आहेत, त्यांचा हात बसलेला आहे. तुमच्याकडे येणारा प्लंबर मशीन भाड्याने आणून पहिल्यांदाच तुमच्या भिंतीत शिकणार असेल, तर नको. पाइप कुठला चांगला हे मी फार वेळा ऐकलंय. मी आधी विचारतो, सांधा कोण मारणार? मागच्या दोन वर्षांत त्याने केलेली दोन बाथरूम जाऊन बघा, घरच्यांना विचारा. सीपीव्हीसी सांगतो तो अशासाठी की त्याचा सांधा नीट मारणारी माणसं आता तालुक्यात सगळीकडे मिळतात, आणि चुकलं तर टेस्टिंगलाच सापडतं.

नीट मारणं म्हणजे काय, तेही सांगतो. उभं राहून बघा. पाइप कटरने किंवा बारीक ब्लेडने काटकोनात कापायचा. तिरका कापला तर आत पोकळी राहते. कापलेल्या तोंडाची कूस, म्हणजे खरबरीत कड, बाहेरून आणि आतून काढायची. कोरड्या फडक्याने पाइप आणि फिटिंग दोन्ही पुसायचे. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट असते, पाइपला न दिसणारा ओलावा असतो, म्हणून मी दोनदा पुसतो. मग सोल्यूशन न लावता बसवून बघायचं. पाइप हाताने तिसऱ्या हिश्शापासून दोन तृतीयांशापर्यंत आत गेला पाहिजे. लटलट हलत तळाला टेकला तर ती फिटिंग परत द्या. मग पाइपला भरपूर, फिटिंगला पातळ थर. फिटिंगमध्ये जास्त ओतलं तर आत थेंब साठून वाट अडते. पाव वळसा देत तळापर्यंत घालायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. तोंडाभोवती अखंड मण्यासारखी कडा उमटली की सांधा बसला. कडा तुटक असेल तर तो सांधा कापून टाकायला लावा. डब्यातलं सोल्यूशन दह्यासारखं झालं असेल तर डबा टाकून द्यायचा, पातळ करून वापरायचा नाही.

नळ जिथे लागतो तिथे पितळी आट्याची एल्बो येते. तिथल्या आट्यांना फक्त टेफ्लॉन टेप. सफेदा आणि सुतळीची सवय जुन्या हातांना असते, पण तेल आणि रंग सीपीव्हीसीला चालत नाहीत, पाइप बारीक तडकतो. यावरून एक महत्त्वाचं. तुमच्या भागात वाळवी असतेच, आणि रॉकेलमध्ये कालवलेलं औषध भिंतीच्या मुळाशी ओततात. ते सीपीव्हीसीला लागू देऊ नका. वाळवीचं काम करायचं असेल तर पाइप घालण्याआधी पूर्ण करून घ्या, आणि नंतर कधी करणार असाल तर पाण्यात मिसळणारं औषध मागा.

भिंतीविषयी. जुना चिरा मातीत बांधलेला असेल तर त्यात आडवी झिरी मारू नका. चिरा मऊ, छिन्नीचे ठोके बसले की सांधे हलतात आणि वरचा भार आडव्या झिरीवर येतो. तुमच्या जागी मी असतो तर नळांच्या भिंतीला लागून आतून चार इंची विटांची भिंत घेतली असती आणि सगळे पाइप त्यात चालवले असते. बाथरूम चार इंच लहान होईल, होऊ द्या. जुनी भिंत शाबूत राहते आणि ओल आली तर आतल्या भिंतीतच कळते. नवी भिंत नवीन चिऱ्याची, सिमेंटमध्ये असेल तर ग्राइंडरने दोन रेषा मारून मधला भाग काढा, उभ्या झिऱ्या ठेवा, आणि पाइपवर किमान अर्धा इंच माल बसेल एवढी खोली घ्या. वाळू नदीची किंवा क्रशरची, खाडीची नको. प्लॅस्टिकला मीठ लागत नसलं तरी पितळी तोंडांना आणि लाद्यांच्या मागच्या गिलाव्याला लागतं.

गरम लाइनला काळ्या फोमची नळी चढवा. पाणी गार होत नाही हा एक फायदा, पण मला त्याहून दुसरा महत्त्वाचा वाटतो. 3 मीटर सीपीव्हीसी 40 अंशांनी तापला की सात-साडेसात मिलिमीटर लांबतो. साधा पीपीआर त्याच्या दुपटीहून जास्त. सिमेंटमध्ये घट्ट चिणलेल्या पाइपचा तो ताण वळणावरच्या एल्बोवर येतो. फोम त्याला थोडी हालचाल देतो.

गिझरला सीपीव्हीसी थेट जोडू नका. गिझरच्या तोंडाशी फूटभर तरी धातूची जोडणी ठेवा, स्टीलची जाळीदार लवचीक नळी चालते. सोलरचं पाणी कडक उन्हात बंद घरात उकळायला टेकतं, कारण वापरणारं कोणी नसतं. टाकीच्या तोंडाशी तिथेही धातू, हवेची नळी उघडी आहे ना ते बघा, आणि घर बंद करताना सोलरच्या नळ्यांवर जाड कापड बांधून जा. स्लॅबवर उघड्यावर धावणाऱ्या सीपीव्हीसीला पाण्यात मिसळणारा रंग द्या. ऊन त्याला ठिसूळ करतं.

आता सगळ्यात जास्त आग्रह ज्याचा धरायचा ते. सांधे मारून पूर्ण एक दिवस जाऊ द्या, पावसाळी हवा असेल तर दोन. सगळी तोंडं डमीने, म्हणजे आट्यांच्या बुचाने, बंद करा, शेवटच्या तोंडातून हवा काढा आणि हाताच्या टेस्टिंग पंपाने 10 किलोचा दाब चढवा. काटा पहिली पाच-दहा मिनिटं थोडा उतरेल, पुन्हा चढवा. त्यानंतर दोन तास तो जागचा हलता कामा नये. मग दाब तीन-चार किलोवर आणा आणि तसाच ठेवून गवंड्याला गिलावा करू द्या. त्याचा खिळा किंवा थापी पाइपला लागली तर काटा लगेच पडतो आणि त्याच क्षणी कळतं. गवंडी म्हणेल, "काय होवचा नाय." तुम्ही मुंबईत असाल तर काट्याचा फोटो सकाळ-संध्याकाळ मागवा. आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मापाची टेप लावून फोटो काढा, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असा. दहा वर्षांनी कुणी आरसा ठोकायला येईल तेव्हा तो फोटो लागेल.

काम आगोटीच्या आधी, शिमगा झाला की लगेच काढा. गणपतीच्या तोंडावर प्लंबर, गवंडी, लादीवाला सगळे दहा घरांत वाटलेले असतात आणि टेस्टिंगचे दोन दिवस कोणी देत नाही.

प्रश्न : आमचं तारकर्लीला पर्यटकांसाठी चार खोल्यांचं काम चालू आहे. थंड लाइन यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा साधा प्लॅस्टिक पाइप, आणि फक्त गरम लाइन सीपीव्हीसी घातली तर पैसे वाचतील. चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : भाऊ, बाथरूमच्या आत नको. यूपीव्हीसी 45 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. कागदावर थंड लाइनमध्ये थंडच पाणी असतं. प्रत्यक्षात गिझरच्या थंड तोंडावरचा उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह अडकला की तापलेलं पाणी मागे थंड लाइनमध्ये शिरतं. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून कोणी हातशॉवरची कळ बंद केली तरीही गरम पाणी थंडात ढकललं जातं, आणि पाहुणे हे रोज करतात. माझ्या पाहण्यात अशा एका निवासात थंड लाइनची एल्बो मऊ होऊन लाद्यांमागे सुटली, ऐन नाताळात. टाकीपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंत हवं तर यूपीव्हीसी वापरा, आत दोन्ही सीपीव्हीसी. आणि प्रत्येक खोलीला बाहेरून बंद करता येणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. एका खोलीच्या दुरुस्तीसाठी चारही खोल्यांचं पाणी तोडावं लागू नये.

प्रश्न : गुहागरला आमच्या विहिरीच्या पाण्यावर नळांचे पितळी आटे पाच-सहा वर्षांत गुलाबी पडून मोडतात. पाइप प्लॅस्टिकचाच आहे. असं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मऊ, आम्लधर्मी किंवा खारट पाणी त्यातलं जस्त विरघळवून नेतं. मागे उरतं ते सच्छिद्र तांबं, म्हणून रंग गुलाबी आणि ताकद बिस्किटाची. पान्याने जरा जोर लावला की तुकडा आत राहतो, आणि भिंतीतल्या एल्बोत अडकला तर लादी फोडावी लागते. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासून घ्या. 6.5 च्या खाली असेल तर टाकीच्या आधी चुनखडीच्या खड्यांचं फिल्टर बसवा, त्यातून गेलं की पाण्याचा सामू थोडा वर येतो. खारटपणा असेल तर त्याने काही होणार नाही, तिथे भिंतीतल्या आट्यांसाठी जस्त न सोडणारं पितळ किंवा 316 चं स्टील मागावं लागेल. महाग आहे, पण ही तोंडं एका बाथरूममध्ये सहा-सातच असतात. नळ बदलताना भिंतीतली एल्बो एका पान्याने धरून ठेवा आणि नळ दुसऱ्याने फिरवा. एकाच पान्याने काम करणारा आला तर त्याला थांबवा.

प्रश्न : रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. खालच्यांच्या छताला ओल आहे. लाद्या न फोडता गळती पाइपची आहे की जमिनीची, हे कसं कळेल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रात्री सगळे नळ आणि फ्लशचे कॉक बंद करा, तुमच्या फ्लॅटला येणाऱ्या लाइनच्या व्हॉल्व्हनंतर दाबाचा काटा बसवा आणि व्हॉल्व्ह बंद करून झोपा. सकाळी काटा उतरलेला असेल तर गळती दाबाच्या पाइपमध्ये आहे. मग गिझरचं थंड तोंड बंद करून आणि मिक्सरचे पाय सोडवून तिथे डमी लावून गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासा. निम्मी भिंत तिथेच वाचते. काटा जागचा हलला नाही तर पाइप सुटला. मग नहाणी ट्रॅपला फुगा लावून तोंड बंद करा, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून एक दिवस ठेवा. ओल वाढली तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वाढली नाही तर फुगा काढून तेच पाणी एकदम सोडा, आणि तेव्हा ओल आली तर ट्रॅपचा किंवा त्याखालच्या सांडपाण्याच्या पाइपचा सांधा. खालच्यांना त्या दिवशी घरी थांबायला सांगा आणि छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा. ओल वाढली की नाही हे नजरेवर सोडलं तर दोन्ही घरांत भांडण होतं, रेघ असली की दोघांनाही दिसतं.